शूटिंगसाठी बंद केलेला कूलर

हसू नका मित्रांनो, मी एक जुना लोखंडी कूलर आहे आणि मला सिनेमातलं थोडंफार कळतं. माझा जन्म नागपुरातल्या एका पत्र्याच्या दुकानात झाला. कारागिराने ठोकून ठोकून मला उभं केलं, तिन्ही बाजूंना गवत भरलं. पंखा फिरताच असा आवाज झाला की तो म्हणाला, "अरे, हा तर बोंबल्या निघाला!"

गोपिकाबाईंनी मला घरी आणलं तेव्हा त्यांची दामिनी पाळण्यात होती. तिचे बाबा लवकर गेले. बाई धंतोलीच्या एका दवाखान्यात पेशंटची नावं नोंदवायच्या. घरी आल्या की माझ्यासमोर बसून म्हणायच्या, "हा आहे म्हणून जीव आहे बाई!" माझी पत्र्याची छाती फुगून यायची.

बघता बघता दामिनी कॉलेजात गेली. स्पर्धेसाठी तिने मोबाइलवर छोटा सिनेमा करायला घेतला. वयात येणारी मुलगी आणि तिची आई, अशी गोष्ट. मुलगी ती स्वतः, आणि आईच्या कामाला आईच. शूटिंग ऐन नवतप्यात, मे अखेरच्या त्या रणरणत्या नऊ दिवसांत! त्यात माझा आवाज येतो म्हणून मलाच बंद केलं. खोलीची भट्टी झाली.

शेवटच्या प्रसंगात मुलगी शिकायला पुण्याला निघते. खरी दामिनीही जूनमध्ये जाणारच होती. आईने म्हणायचं होतं, "जा, मले काही फरक पडत नाही." बाईंच्या तोंडून ते निघेना.

"असं कोणती माय म्हणते वं? मी माझ्या मनानं बोलू का?"

"आई, तुझं नको. लिहिलं तेवढंच बोल. किती गरम होऊन राहिलं!"

शेवटी बाईंनी मान खाली घालून ते वाक्य म्हटलं. दामिनी खूश! कानात इअरफोन घालून ती आवाज तपासत बसली. बाईंनी माझं बटण दाबलं आणि माझ्या वाऱ्यात तोंड घालून म्हणाल्या, "मले लय फरक पडते पोरी. पण तू जाय."

माझ्या घरघरीत पोरीला कुठलं ऐकू येणार? मला मात्र फार वाईट वाटलं.

सिनेमाला बक्षीस मिळालं. दामिनी पुण्याला निघाली त्या दिवशी शेजारच्या शोभाताई दारातूनच म्हणाल्या, "काय वं गोपिका, पोरगी चालली अन् डोळ्यात टिपूस नाही?" बाई नुसत्या हसल्या. दामिनीचा चेहरा मात्र खर्रकन उतरला.

ती गेली. नोकरी लागल्यावर तिने आईसाठी एसी पाठवला आणि माझी रवानगी गच्चीवर झाली. गवत झडलं, तळाला गंज चढला. एकदा बाई गच्चीवर पापड वाळत घालत होत्या, तेव्हा तिचा फोन आला. हात भरलेले, म्हणून बाईंनी तो स्पीकरवर लावला.

"आई, त्या दिवशी तू आपल्या मनानं काय बोलणार होती?"

पुढचा पापड पसरत बाई म्हणाल्या, "आता कुठं आठवते वं! असंच काहीतरी."

फोन ठेवून त्यांनी पदराने डोळे पुसले.

मित्रांनो, मला रंग लावा, गवत बदला, असं मी म्हणत नाही. माझं काय, आज ना उद्या भंगारच. पण तुमची आई कधी "माझ्या मनानं बोलू का" म्हणाली, तर घाम पुसा आणि तिला बोलू द्या. मागाहून विचाराल तर ती आठवत नाही म्हणेल, आणि तुम्हाला ते खरं वाटेल.