विसळलेलं पाणी

झुंबरबाईंची एक सवय समीक्षाला लग्न होऊन आल्यापासून खटकत होती. जेवण झालं की सासूबाई ताटात पाणी ओतायच्या, बोटानं ताट विसळायच्या आणि ते पाणी तिथंच बसून पिऊन टाकायच्या. अन्नाचा कण वाया जाऊ नये, हे त्यांच्या घरचं वळण. बी.एस्सी. झालेल्या समीक्षाला ते पाहवत नसे. काजल आजीचं बघून तसंच करू लागली तेव्हा तिनं लेकीला दटावलं होतं, की शाळेत असं केलंस तर पोरी हसतील. झुंबरबाई तेव्हा नुसत्या गालात हसल्या.

सहा वर्षांच्या काजलला थॅलेसेमिया होता. अंगात रक्त टिकत नाही म्हणून दर काही आठवड्यांनी बाहेरचं रक्त चढवायचं, आणि त्या रक्तातलं लोह शरीरात साचत जातं म्हणून ते काढायला रोज सकाळी उपाशीपोटी पाण्यातून गोळ्या द्यायच्या. समीक्षानं वर्षभरात एक दिवस चुकवला नव्हता. गोळ्या देणाऱ्यानं धातूचं भांडं नको म्हटल्यावर तिनं त्यासाठी काचेचा ग्लास वेगळा ठेवला होता, बाहेरगावी जाताना तो टॉवेलात गुंडाळून सोबत न्यायची. तरी लोहाचा आकडा दर तपासणीला चढतच होता. मागच्या खेपेला शेखर डॉक्टरांनी कागदावरून नजर उचलून विचारलं होतं, गोळ्या रोज देता ना? आवाजात राग नव्हता. पण तो 'ना' समीक्षाच्या मनात कुसळासारखा रुतून बसला. आकडा असाच वाढला तर लोह हृदयात साचेल, मग रोज रात्री पोरीच्या पोटाला सुई लावून औषधाचा पंप जोडावा लागेल, असंही ते म्हणाले होते.

रक्त चढवायच्या दिवशी ती काजलला घेऊन साखरखेर्ड्याहून पहिल्या एसटीनं निघाली आणि चिखलीला गाडी बदलून बुलढाण्याच्या दवाखान्यात पोचली. रक्त चढवायच्या खोलीत स्टुलावर एक नवीनच मुलगी बसली होती. अंगात पांढरा कोट, पण गळ्यात डॉक्टरांची नळी नाही. समीक्षानं तिला खालून वरून न्याहाळलं. सिस्टरनी सांगितलं, ह्या पुष्पांजली मॅडम, पुण्यात पीएच.डी. करतात, दोन महिने पेशंटजवळ बसायला पाठवलंय त्यांना. परवा एका लेकराला सुई टोचताना ह्या मॅडमच बाहेर पळाल्या, हेही सिस्टरनी हसत सांगून टाकलं.

समीक्षाच्या मनात पाल चुकचुकली. तिनं आडपडदा न ठेवता विचारलं, "माझी पोरगी प्रयोगाले आणली नाही मी. तुम्ही नेमकं काय करता इथं?"

पुष्पांजली गोरीमोरी झाली. "मी डॉक्टर नाही, ताई. मुलीला हातसुद्धा लावणार नाही. तीन वर्षं ह्याच आजाराच्या पेशी बघतेय, ह्याच औषधावर काम करतेय. पण हा आजार झालेलं माणूस कधी बघितलं नव्हतं. आमचे सर म्हणाले, आधी माणसं बघून या, मग लिहा."

बोलणं सरळ होतं. तिचं माहेर मेहकरचं निघाल्यावर समीक्षाचा आवाज जरा खाली आला, तरी नजर काही हटली नाही. गोळ्यांची वेळ झाली होती. तिनं टॉवेलातून ग्लास काढला, पाण्यात गोळ्या टाकल्या आणि काजलच्या पुढं धरला. पोरीनं नाक मुरडलं, डोळे मिटले आणि ते पांढरं पाणी घटाघटा पिऊन टाकलं. ग्लास विसळायला समीक्षा बेसिनकडं वळली.

"ताई, थांबा. ते सांडू नका."

पुष्पांजलीनं ग्लास घेऊन खिडकीच्या उजेडात धरला. तळाशी पांढरा थर बसला होता, आतून भिंतींनाही चिकटला होता. ही गोळी विरघळत नाही, ती सांगू लागली, नुसती फुटते आणि खाली बसते. लॅबमध्ये आम्ही नळी पुन्हा पाण्यानं विसळून घेतो, नाहीतर औषध नळीतच राहतं.

समीक्षाला पाकिटावरची बारीक इंग्रजी अक्षरं आठवली. गोळ्या देणाऱ्यानं पाण्यातून द्या म्हटलं होतं, म्हणून पुढं वाचायची गरजच वाटली नव्हती. ती कॉटच्या कडेला टेकली.

"म्हणजे वर्षभर मी लेकीचं औषध मोरीत ओतलं."

अशा वेळी काय बोलावं, हे पुष्पांजलीला कोणी शिकवलं नव्हतं. मग पुण्याची भाषा सुटून मेहकरची तोंडात आली. "तुम्हाले कोणी सांगतलंच नाही, त तुमची काय चूक? अन् मले तरी काय माहीत होतं? तुम्ही पाजताना पाह्यलं म्हणून समजलं."

तिनं ग्लासात थोडं पाणी ओतलं, खळबळलं आणि ग्लास समीक्षाच्या हाती दिला. समीक्षानं तो काजलपुढं धरला. पोरीनं ग्लासाकडं पाहिलं, मग आईकडं.

"आजी पेते तसं? तू त नको म्हणत होती."

"पे," समीक्षा म्हणाली. "सगळं पे."

पुष्पांजलीनं डॉक्टरांना बोलावून ग्लासाच्या तळाशी काय राहिलं होतं ते सांगितलं. हे आपणच दाखवायला हवं होतं, ते म्हणाले. पंपाचं पुढच्या तपासणीनंतर बघू. दुपारपर्यंत पुष्पांजली खोलीतल्या एकेका आईजवळ जाऊन, गोळ्या कशा पाजता ते करून दाखवा, म्हणत होती.

रात्री समीक्षानं सासूला सगळं सांगितलं. झुंबरबाई ताट विसळता विसळता म्हणाल्या, "मी विसळलं त गावंढळ. पुण्याच्या बाईनं विसळलं त शास्त्र." आणि पाणी पिऊन उठल्या. समीक्षाला हसूही आलं आणि रडूही.

पुढच्या तपासणीचा कागद आला तो पुष्पांजलीच्या शेवटच्या आठवड्यात. डॉक्टर वाचत असताना समीक्षा त्यांच्या भुवयांकडं बघत होती आणि स्टुलावर पुष्पांजली कोटाची बटणं उगाच चाचपत होती. आकडा पहिल्यांदा खाली आला होता. फार नाही, पण आला होता. पंपाची सध्या गरज नाही, डॉक्टर म्हणाले, असंच चालू ठेवा.

मग सिस्टर सुई घेऊन आल्या. काजलनं एक हात त्यांच्यापुढं केला आणि दुसरा स्टुलाकडं लांबवला. पुष्पांजली घुटमळली, तिनं समीक्षाकडं पाहिलं.

"धरा," समीक्षा म्हणाली. "अन् पळू नका आता."