कापसाचा बर्फ

हे सगळं घडलं ते एकोणीसशे अडुसष्ट साली. शहरातल्या त्या चार मजली दुकानात दोघी बहिणी कामाला होत्या. थोरली तळघरात पुतळ्यांचे कपडे शिवायची, धाकटी वर हातमोजे विकायची. दर्शनी काचेमागची सजावट करणाऱ्याला सगळे मास्तर म्हणत. त्यांची सजावट बघायला लोक वाट वाकडी करून यायचे.

त्या हिवाळ्यात मास्तरांनी काचेमागे कापसाचा बर्फ पसरला, वर दहा दिवे टांगले आणि पुतळ्यांच्या मधोमध धाकटीला उभं केलं. नजर समोरच्या इमारतीच्या घड्याळावर ठेवायची, अर्धा तास हलायचं नाही. पुतळा कोणता नि माणूस कोणतं, ते गर्दीनं ओळखायचं. टवाळ पोरं काचेवर टकटक करायची, तरी ही ढिम्म. गिऱ्हाईक मधेच शिरू नये म्हणून मागच्या दाराला मास्तर बाहेरून कडी घालत.

पहिल्याच संध्याकाळी धाकटीनं उतरवलेल्या झग्याची घडी घालताना थोरलीला त्याच्या पाठीवर पिवळसर डाग दिसला.

"मास्तर, दिवे फार खाली आलेत. हा डाग बघा."

"तुमच्याच इस्त्रीचा असेल."

"पंधरा वर्षं इस्त्री धरतेय मी. माझा डाग मला कळत नाही होय?"

"बाई, तुम्ही सुई सांभाळा. उजेडाचं मी बघतो."

धाकटी हसली. "ताई, तुला दोरी दिसली तरी साप वाटतो. गर्दी बघ की माझी!"

दुसऱ्या दिवशी डाग तपकिरी झाला. तिसऱ्या दिवशी तिथे भोक पडलं.

चौथ्या दुपारी थोरली शिवण टाकून रस्त्यावर गेली. धाकटीच्या मागून बारीक धूर वर चढत होता.

"वा! धुकंसुद्धा केलंय!" कुणीतरी म्हणालं.

थोरलीनं काचेवर मुठी आपटल्या. धाकटीला वाटलं, रोजचेच टवाळ. ती आणखी ताठ झाली.

थोरली आत धावली. दाराशी मास्तर उभे होते.

"अजून दहा मिनिटं आहेत, बाई."

तिनं त्यांना ढकललं, कडी काढली, दार सताड उघडलं. वारा आत घुसला आणि धुमसणारा कापूस एकदम भडकला. तिनं धाकटीला कमरेला धरून ओढून काढलं. बाहेर टाळ्या वाजत होत्या.

धाकटी वाचली, पण पाठ आणि डावा हात भाजला. पुढे तिनं पोस्टात, पत्रं निवडायच्या मागच्या खोलीत नोकरी धरली. चौकशीत ठपका शिवणखात्यावर आला. थोरलीला काढून टाकलं. ती घरीच शिलाई करू लागली. मास्तर सन्मानानं निवृत्त झाले आणि झोपेतच गेले. बहिणी शेवटपर्यंत एकाच घरात राहिल्या. थोरली रोज धाकटीच्या पाठीला तेल लावायची. आल्यागेल्याला धाकटी सांगायची, "मास्तरांनी काही केलं नव्हतं हो. दार हिनं उघडलं."