सात घंट्या

चित्रपटाच्या सुरुवातीला पडद्यावर काहीच घडत नव्हतं. माळ, उतरतं ऊन आणि चरणारी मेंढरं, एवढंच. लांडगा दिसायचाच नव्हता. तो आलाय हे लोकांना नुसत्या आवाजावरून कळलं पाहिजे, असं हंबीररावांचं म्हणणं. दिग्दर्शक तेच, तेव्हा त्यांचं म्हणणं म्हणजे हुकूम.

तो आवाज तयार करायचं काम सुमंतकडे होतं. सांगलीत नाटकांना आवाज देता देता त्याला पहिल्यांदाच चित्रपट मिळाला होता. त्र्याण्णव साल सरत आलं होतं. दहिवडीच्या माळावर टेपयंत्र घेऊन तो तीन दिवस बसला, पण भीती काही फितीत उतरेना. "उद्यापर्यंत जमलं तर तू, नाहीतर मुंबईचा माणूस," हंबीरराव म्हणाले. "वाईट वाटून घेऊ नको गड्या."

सुमंतनं मग फलटणहून वीस घंट्या आणल्या आणि त्या माळावर चारायला येणाऱ्या सुलाबाईच्या मेंढरांच्या गळ्यात बांधल्या. आवाज भरगच्च होईल, असा त्याचा होरा. मेंढरं बिथरली, चरायचं सोडून एकमेकांत शिरली.

साठीची सुलाबाई काठी टेकत आली. "कुणाचं लगीन काढलंस रं?"

"आवाज वाढवायचा होता, मावशी."

"वाढला की. आता कोण कुठं हाय, ते त्यांचं त्यांनाबी कळंना. माझ्या सातच घंट्या. त्या सातांच्या मागनं बाकीची जात्यात."

तिनं वीसच्या वीस सोडायला लावल्या. सोडता सोडता त्यानं विचारलं, "लांडगा आला की कसा आवाज होतो?"

"आवाज कसला? मेंढरू मान वर करून हुभं ऱ्हातं. घंटी गप. मग दुसरी गप. मला तवाच कळतं."

सुमंतचे हात थांबले. "तुम्ही हाळी दिलीत तर थांबतील तशी?"

"थांबतील. पर लांडगा नसताना ती हाळी द्यायची न्हाई. एकदा फसवलं, की पुन्यांदा माझं कोण ऐकंल?"

सुमंत खाली मान घालून वायर गुंडाळू लागला. सुलाबाई त्याच्याकडं बघत राहिली.

"ऱ्हाऊ दे ते गुंडाळायचं," ती म्हणाली. "चालू कर तुझं मशीन."

लोकरीचे पुंजके मुठीत घेऊन ती अनवाणी कळपात शिरली. घंटीवालीजवळ जाई, मानेखाली खाजवी आणि बोलता बोलता लोकर घंटीत कोंबी. तिच्या हाताला एकही मेंढरू बुजलं नाही. हेडफोनमध्ये सुमंतला मात्र सातांच्या सहा झालेल्या ऐकू आल्या. मग पाच. गवत तुटल्याचा आवाज आता जवळ आल्यासारखा वाटू लागला. चार. तीन. शेवटची एकटीच वाजत होती. तीही थांबली, तेव्हा हात कुणाचा हे ठाऊक असूनही त्याच्या अंगावर काटा आला.

दुसऱ्या दिवशी हंबीररावांनी ती फीत ऐकली. "यात आहे काय? नुसतं कमी कमी होत जातंय." शेजारी सुलाबाई ताकाची चरवी घेऊन उभी होती. "या मावशींनाच ऐकव. बघू काय म्हणतात."

सुमंतनं पदरावरूनच तिच्या कानांना हेडफोन लावला. "आगं बया, ढवळी," ती हसली. "ही बांडी." बोटांवर ती एकेक ओळखत गेली. पाचवी गप झाली तसं हसू मावळलं. सहावी गप झाली आणि तिनं हेडफोन काढून सुमंतच्या हातात दिला, काठी उचलली.

"मावशी, तुम्हीच कोंबली होती की लोकर."

"व्हय रं, मीच. ठावं हाय मला," असं म्हणत ती टेकाडाकडं चालायलाही लागली होती. मेंढरं तिकडं निवांत चरत होती. तिनं एकेकीच्या पाठीवरून हात फिरवला.

हंबीरराव ते बघत होते. मग सुमंतशेजारी मातीत बसले आणि हेडफोन त्यांनी स्वतःच्या कानाला लावला.

"पहिल्यापासून लाव," ते म्हणाले. "आणि मुंबईच्या माणसाला कळव, येऊ नकोस म्हणून."