विद्याधर सरांची सही

विद्याधर सरांचा फोन आला तेव्हा मी मुलुंडच्या माझ्या टीचभर ऑफिसात डबा खात होते. स्क्रीनवर नाव दिसलं आणि तोंडातला घास कडू झाला. कित्येक वर्षांत या माणसाला माझी आठवण झाली नव्हती.

"इरावती, घाटकोपरचा श्यामसुंदर आता माझ्याकडे येतोय. माझं पत्र मिळालं ना? हरकत नाही म्हणून एक ओळ पाठव, विषय संपला."

आम्हा सीए लोकांत ही रीतच आहे. कंपनीने ऑडिटर बदलला की नव्याने जुन्याला आधी पत्र घालून विचारायचं, तुमची काही हरकत? श्यामसुंदरचा कुकरच्या रबरी रिंगांचा कारखाना माझ्याकडे होता. त्याच्या गोदामात मी स्वतः गेले होते. पुढच्या थरात माल, मागे छतापर्यंत नुसते रिकामे खोके. "बँकेला दाखवायचंय मॅडम, भरलेले धरा ना," म्हणाला. मी नाही म्हटलं. मग स्वारी सही देणाऱ्याच्या शोधात निघाली आणि बरोब्बर सरांच्या दारात पोचली.

सरांच्या फर्ममध्ये मी एकेकाळी पार्टनर होते, नावापुरती. एका सप्टेंबरात ऑडिटच्या सीझनला झोपेचं खोबरं झालं आणि मी ऑफिसातच चक्कर येऊन पडले. सर हॉस्पिटलात भेटायला आले. पिशवीत वर सफरचंदं, खाली एका बिल्डरचा ताळेबंद.

"पडल्या पडल्या सही कर. वाचत नको बसू, त्रास होईल."

ताळेबंद खोटा आहे हे त्यांनाही ठाऊक होतं, मलाही. मी पेन हातात घेतलं नाही. जाताना त्यांनी सफरचंदंही परत नेली! वर मुलुंडभर सांगत सुटले, तिचं डोकं ठिकाणावर नाही. लोकांना ते पटलं. आईलासुद्धा थोडंसं पटलं, आणि त्याबद्दल मी या माणसाला कधीही माफ करणार नाही.

आता तोच माणूस माझ्याकडे एक ओळ मागत होता. म्हटलं, द्यावी! हा न वाचता सही ठोकणार, बँकेचा कुणीतरी एक दिवस खोका उचलून बघणार, आणि सरांची उभ्या जन्माची प्रॅक्टिस गंगेला मिळणार. मला बोटही हलवायला नको. खोटं कशाला बोलू, फार गोड वाटलं.

"पाठवते, सर. सही तुम्हीच करणार ना?"

"छे गं! दिशा करेल. नवी पार्टनर केलीय तिला. गुणी पोरगी. रात्र रात्र ऑफिसात बसते, पण तोंडातून ब्र नाही. तुझ्यासारखी नाटकं नाहीत."

फोन ठेवला. डबा तसाच राहिला. दुसऱ्याच्या खांद्यावर बंदूक ठेवायची म्हाताऱ्याची खोड गेली नव्हती. माझी ती एक ओळ त्याला नाही, त्या पोरीला लागणार होती. क्षणभर मनात आलं, लागू दे, मला कोण आलं होतं वाचवायला? मग स्वतःचीच चीड आली.

पत्र लिहायला बसले. हरकत आहे, आणि ती अशी: गोदाम, खोके, सोबत फोटो. एक पाकीट सरांना, तेच दुसरं दिशाच्या नावाने. ती पार्टनर आहे, वाचायचा तिला हक्क आहे. तिच्या पत्रावर पेनाने लिहिलं, 'सही करण्याआधी वाच. मग घरी जाऊन झोप.'

पुढच्याच आठवड्यात सर फोनवर कडाडले.

"माझी माणसं फोडतेस? दिशा सही करत नाही म्हणते! राजीनामा तोंडावर फेकून गेली!"

"मग तुम्ही करा ना सर. श्यामसुंदरला शब्द दिलाय म्हणे."

पलीकडून एकदम खालच्या आवाजात, "अगं, वाचलं मी तुझं पत्र. हे असं असताना माझ्या नावाने कशी सही करू मी? वाट लागेल माझी."

हे वाक्य ऐकायला मी इतकी वर्षं थांबले होते. त्यांच्या नावाने नाही, दिशाच्या नावाने चाललं असतं.

"वाचत नव्हतं बसायचं, सर," मी म्हटलं. "त्रास होतो."

संध्याकाळी बाजारातून किलोभर सफरचंदं घेतली आणि सरांच्या ऑफिसात पाठवून दिली. पिशवीत खाली काही नव्हतं.