बाल्कनीतलं सँडविच

प्रभाचा नियम साधा होता. मांस बाल्कनीत. काचेच्या दाराच्या आत तिचं स्वयंपाकघर, बाहेर नवऱ्याचं, शशिकांतचं स्मशान. हा शब्द तिचाच. जर्मनीत कोलोनच्या कारखान्यात इंजिनिअर म्हणून लागल्यावर शशिकांत कँटीनमध्ये स्टेक खायला शिकला आणि एक दिवस घरी येऊन सरळ सांगून मोकळा झाला. लपवाछपवी त्याला कधी जमलीच नाही. प्रभानं चांगला आठवडाभर अबोला धरला, मग तडजोड झाली. शनिवारी बाल्कनीत ग्रिल, तिथलंच ताट, तिथलीच सुरी, आणि खाऊन झालं की आंघोळ. त्याशिवाय हा गृहस्थ फ्रिजलासुद्धा हात लावत नसे. थंडीत ओव्हरकोट घालून, दात वाजवत उभ्यानं खायचा. शेजारणीला वाटायचं, या दोघांचं पटत नाही. कसलं काय! कांदा तर प्रभाच चिरून द्यायची, दार बोटभर उघडून, नाकाला पदर लावून.

सत्तरीला आल्यावर, २०१५ साली, प्रभा विसरायला लागली. आधी किल्ल्या, मग हॅनोव्हरला राहणाऱ्या लेकीचं नाव, मग शशिकांत. कधी तो तिला पोस्टमन वाटे, कधी माहेरच्या वाड्यातला कुणी राजाभाऊ. त्यानं तेही गिळलं. पण पुढच्या वर्षी तिनं खाणंच सोडलं तेव्हा त्याचा धीर सुटला. मऊ भात, थालीपीठ, यूट्यूबवर बघून केलेला शिरा, सगळं ती तोंडात धरायची आणि थुंकून टाकायची. बांगड्या कोपरापर्यंत सरकायला लागल्या. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "काहीही द्या, पण पोटात जाऊ द्या. नाहीतर नळी घालावी लागेल."

त्या शनिवारी त्यानं ग्रिल पेटवलं ते निव्वळ सवयीनं. स्टेक कागदानं टिपून कोरडा केला, मीठ-मिरी चोळली, तापलेल्या जाळीवर दोन्हीकडून भाजला आणि झाकून ठेवला. मग लोणी लावलेला पाव त्याच जाळीवर खरपूस केला, त्यावर जर्मन मोहरी फासली, परतलेला कांदा पसरला आणि मांसाच्या पातळ चकत्या रचल्या. वर दुसरा पाव दाबतोय तोच मागचं दार सरकलं.

प्रभा बाल्कनीत आली होती. इतक्या वर्षांत पहिल्यांदा.

"वास छान येतोय," ती म्हणाली आणि त्याच्या स्टुलावर बसून तिनं हात पुढे केला.

शशिकांतनं ताट उचलून छातीशी धरलं. दुसऱ्या हातानं शिवांगीला फोन लावला. लेकीला मराठी समजायचं, बोलायची मात्र जर्मनच.

"गिब एस इअर, पापा!" दे तिला, एवढंच ती म्हणाली.

"अगं, पण आयुष्यभर तिनं..."

"झी वाइस एस डोख निष्ट मेअर."

तिला आता कुठे कळतंय, असं लेकीचं म्हणणं. अरे, पण म्हणूनच तर त्याचा हात अडला होता! कळत होतं तेव्हाच्या प्रभानं नळी पत्करली असती, उपाशी मेली असती, पण मांसाला शिवली नसती. याची त्याला खात्री होती. आणि समोरची प्रभा भुकेली होती. दोघींपैकी कुणाचं ऐकायचं, हे सांगणारं कुणी नव्हतं. त्याला रडू फुटलं. त्यानं फोन ठेवला.

"हे मांस आहे, प्रभा," तो म्हणाला. फसवून तरी द्यायचं नाही, एवढं त्यानं ठरवलं. "तुला नाही चालत."

"कोण म्हणतं?"

"तूच म्हणायचीस."

"मी?" ती हसली. "काहीतरीच तुमचं! द्या बघू इकडे, भूक लागलीय मला."

त्यानं सँडविच अर्धं कापलं. एक अर्धं बाजूला ठेवलं, दुसऱ्याचे तिला चावायला सोपं जावं म्हणून आणखी बारीक तुकडे केले आणि ताट तिच्या मांडीवर ठेवलं. ती खाऊ लागली. थुंकली नाही. दोन्ही हातांनी, हनुवटीवर रस ओघळवत, तल्लीन होऊन खात राहिली. शशिकांत कठड्याला धरून उभा होता. तिच्या पोटात अन्न जातंय याचा त्याला मनापासून आनंद होत होता आणि त्या आनंदाची त्याला शिसारी येत होती.

तिनं बोटं चाटली, पदरानं तोंड पुसलं. मग त्याच्याकडे निरखून बघत, परक्या माणसाशी बोलावं तशा अदबीनं विचारलं, "घरी कोण कोण असतं तुमच्या?"

"मी आणि बायको."

"तिला चालतं का हो हे?"

"नाही," शशिकांत म्हणाला. "तिला अजिबात नाही चालत."

प्रभाचा चेहरा पडला. ती पुढे वाकली आणि आवाज खाली आणून म्हणाली, "मग मी खाल्लं ते तिला सांगू नका हं. फार लागेल तिच्या मनाला."

"नाही सांगणार."

"नक्की?"

"नक्की."

तिचं समाधान झालं. तिनं रिकामं ताट त्याच्यापुढे धरलं, आणि त्यानं उरलेलं अर्धं सँडविच कापायला घेतलं.