जोबीला निरोप

नाकाड्या पोलिसानं यंत्राचं बटण दाबलं, फीत फिरायला लागली आणि खोलीत जोबी खोकला.

सिमिउनीनं दचकून दाराकडं पाहिलं. जोबी इथं कुठून येणार? तो दक्षिणेला, जुन्या गावी, जहाजानं कित्येक दिवसांच्या वाटेवर. वर्षातून एकदा येणाऱ्या जहाजातून आज सकाळी त्याचा आवाज तेवढा आला होता.

"सिमिउनी, गड्या," जोबी म्हणत होता, "सरकारचा माणूस रोज येऊन बसतो. चहा आमचाच पितो आणि आम्हालाच सांगतो, उत्तरेला चला, तिथं शिकार उदंड. त्याच्या शब्दावर मी पाऊल उचलणार नाही. तू ये म्हणालास तर पुढच्या उन्हाळ्यात बायको, पोरगा नोआ, कुत्री, सगळं घेऊन जहाजात चढतो. नको म्हणालास तर विषय संपला. नोआ आता पक्का शिकारी झालाय. अकिनिसी कशी आहे, असं तुला विचारायला सांगतो आणि सांगताना लाजतो."

फीत थांबली.

"आता तू बोल," नाकाड्या म्हणाला. त्याला त्यांची भाषा येत होती, पण मोडकीतोडकी. "जहाज संध्याकाळी जाते. बर्फ येते."

"त्याच जहाजातून आम्हालाच पाठवा ना. निरोप तोंडीच देतो."

"परत नेणार जागा नाही."

"आणायला आहे?"

"आणायला आहे."

"दोन वर्षं बघा, नाही आवडलं तर परत सोडतो, असं तुमचेच लोक म्हणाले होते. हा चौथा उन्हाळा."

"ते साहेब गेले. मी नवा." नाकाड्या तसा वाईट नव्हता, पोरगेलाच होता, घरच्या आठवणीनं तोही रडकुंडीला यायचा. त्यानं भिंतीवरच्या नकाशावर बोट टेकवलं. "इथे माणूस राहतो, तर जमीन आमची. दुसरे देश बघतात. माणूस नाही, तर कुणीही घेते."

"बाहेर झेंडा लावलाय की. त्याला खायला लागत नाही, त्याचं पोर मरत नाही. त्यालाच ठेवा."

नाकाड्या हसायला गेला आणि मध्येच थांबला. "संध्याकाळी ये," एवढंच म्हणाला.

जहाजातून टाकून दिलेल्या खोक्यांच्या फळ्या ठोकून उभं केलेल्या घरात सेलिना सीलचं कातडं खरवडत बसली होती. नवऱ्याचं सगळं ऐकून घेईपर्यंत तिनं हात थांबवला नाही.

"ये म्हणून सांग," ती म्हणाली.

"कुठं ये? या खडकावर? रानफळ नाही, नदीचा मासा नाही. हिवाळ्यात तीन महिने सूर्य तोंड दाखवत नाही. पहिल्याच हिवाळ्यात आपण धाकट्याला दगडांखाली ठेवलं. पुरायला जमीन खणता येईना म्हणून दगडांखाली. हे सांगू जोबीला?"

"आणि आजीचं काय?"

आजी म्हणजे अकिनिसी, त्यांची एकोणीस वर्षांची लेक. सिमिउनीची आजी गेली त्याच वर्षी ही जन्मली, म्हणून आजीचं नाव हिला दिलं. आणि नाव आलं की माणूसही येतं. तेव्हापासून तो तिला आजी म्हणायचा आणि ती बोबडं बोलायची तेव्हापासून त्याला नातोबा म्हणून दटावायची.

वस्तीत कुटुंबं तीनच. लग्नाजोगे पुरुष दोन. एक अकिनिसीचा चुलतभाऊ, म्हणजे भाऊच. दुसरा मार्कुसी, पन्नाशी उलटलेला विधुर, अलीकडं काहीतरी निमित्त काढून रोज चहाला टपकायचा. परवा त्यानं कोल्ह्याचं पांढरंशुभ्र कातडं आणून ठेवलं होतं. सेलिनानं त्याला अजून हात लावला नव्हता.

"मार्कुसीला नुसत्या चहावर आणखी किती दिवस अडवू?" ती म्हणाली.

तेवढ्यात अकिनिसी पाण्यासाठी बर्फाची लादी घेऊन आत आली. फळ्यांच्या फटींतून तिनं सगळं ऐकलं होतं.

"नातोबा, नोआला बोलावू नकोस."

"का? नकोय तुला तो?"

"हवाय." ती लादी पातेल्यात फोडायला लागली. "म्हणूनच म्हणते. मी अडकले तेवढी पुरे. मार्कुसीचं काय, म्हातारा माणूस, मरेल कधीतरी." ती हसली. सेलिना हसली नाही. "येऊ नका म्हणून सांग. शब्द दे."

"दिला," सिमिउनी म्हणाला.

वाटेत त्यानं वाक्यं जुळवली. येऊ नका. पोर गेलं. हे परत नेत नाहीत. सगळी खरी होती आणि पाठही झाली होती. नाकाड्यानं बटण दाबलं.

"जोबी," तो म्हणाला.

फीत फिरत राहिली. खिडकीतून वस्ती दिसत होती. मार्कुसी सीलच्या मांसाचा मोठा तुकडा खांद्यावर टाकून त्यांच्या घराकडं निघाला होता. दारापाशी थांबून त्यानं केसांवरून हात फिरवला.

"जोबी, गड्या, इथं सील उदंड आहेत. हिवाळा जरा अंधारा असतो, पण सवय होते. माणसं चांगली आहेत." "दोन वर्षं राहून बघा. नाही आवडलं तर परत सोडतात. पोलिसांनी शब्द दिलाय."

नाकाड्यानं चटकन वर पाहिलं. त्याचे कान लाल झाले होते. फीत काढून त्यानं डब्यात घातली आणि डबा जहाजाकडं निघालेल्या होडीवर पोचवला.

अकिनिसी किनाऱ्यावर उभी होती.

"सांगितलंस?"

"सांगितलं."

"येऊ नका म्हणून?"

"येऊ नका म्हणून."

"शहाणं गं माझं लेकरू," ती म्हणाली आणि आजी फिरवायची तसा तिनं त्याच्या गालावर हात फिरवला. मग मटकन खाली बसली आणि गुडघ्यांत तोंड खुपसून ढसाढसा रडायला लागली.

सिमिउनी तिच्याशेजारी बसला. खरं सांगितलं असतं तर रडू तिथंच थांबलं असतं. पण ती उठून ओरडत पाण्यात शिरली असती, होडी परत बोलावली असती. म्हणून होडी जहाजाला लागेपर्यंत, आणि मग जहाज दिसेनासं होईपर्यंत, त्यानं तिला रडू दिलं.