उजाडायच्या आत

नवरा घरी असला की तिला उजाडायच्या आत जाग यायची. गजराची गरजच नव्हती. पांघरूण हलकेच बाजूला सारायचं, चपला हातात घ्यायच्या, बाथरूममध्ये जाऊन कडी लावायची आणि आरशावरचा दिवा लावून हनुवटी वर करायची. हनुवटीखाली, जबड्याच्या कडेला रात्रीतून वर आलेले काळे, राठ केस चिमट्याने एकेक करून उपटायचे. मग गार पाणी, वर पावडरचा हलका हात. ती बाहेर येऊन चहाचं आधण ठेवायची तेव्हा नवरा झोपेतच कुशीवर वळून शेजारची रिकामी गादी चाचपत असायचा.

नवरा जहाजावर इंजिनखात्यात होता. वर्षाचे बरेच महिने समुद्रावर आणि दोन-अडीच महिने घरी. दोन-अडीच महिने काहीही लपवता येतं, अशी तिची समजूत होती, आणि लग्नाला इतकी वर्षं होऊनही ती खोटी ठरली नव्हती.

ती चष्म्याच्या दुकानात काचा घासायची. दुकानाच्या पाठीमागच्या खोलीत यंत्र होतं, पाण्याची बारीक धार होती आणि एक खिडकी होती. मालक तिला भिंगबाई म्हणायचे. काचेवरचा केसाएवढा ओरखडा तिच्या नजरेतून सुटत नसे. "तू पुढे काउंटरवर बस," ते अनेकदा म्हणाले होते. "तुझा हात हलका आहे. फ्रेम बसवताना गिऱ्हाईक हूं की चूं करणार नाही." पण फ्रेम बसवायची म्हणजे माणसाच्या तोंडाशी तोंड न्यायचं, तेही डोक्यावरच्या लख्ख दिव्यांखाली. "मला माणसांपेक्षा काचा बऱ्या," असं हसत सांगून ती आत पळायची.

गेल्या खेपेला नवरा निघाला तेव्हा दारात एक गोष्ट घडली. बॅग खांद्यावर होती, खाली टॅक्सीचा हॉर्न वाजत होता. त्याने तिच्या गालाला हात लावायला म्हणून हात पुढे केला, आणि तिने सवयीने मान वळवली. दुपारची वेळ होती. सकाळचे उपटलेले असले तरी दुपारपर्यंत एखादा बोटाला लागायचाच. त्याचा हात क्षणभर तसाच हवेत राहिला. मग त्याने तोच हात बॅगेच्या पट्ट्याकडे नेला आणि "येतो गं," म्हणून जिना उतरला.

तो हात तिच्या डोळ्यांपुढून जाईना. यंत्रावर काच फिरत असली तरी तिला तोच दिसायचा. आपला चेहरा कुणीतरी दोन्ही हातांत धरावा आणि आपण मान वळवू नये, याहून जास्त तिला काही नको होतं. एवढीशी गोष्ट, पण तिच्यासाठी जीव नुसता तळमळायचा.

वरच्या मजल्यावर तिची नणंद राहायची. तोंडाची फटकळ, पण मनाची मोकळी. एकदा चहा पिता पिता ती म्हणाली, "वहिनी, माझ्या मिशा कुठे गेल्या, विचार की."

तिने कप तोंडापुढेच धरून ठेवला.

"अगं, होत्या मला. चांगल्या पीळ देण्याजोग्या. चपलांच्या दुकानाच्या वर एक बाई बसतात, सुईने काढतात. विजेची सुई. गेल्या त्या गेल्या." मग नणंदेने कप खाली ठेवला आणि आवाज हळू केला. "तू पण जा. मी दादाला काही बोलणार नाही."

म्हणजे नणंदेला दिसत होतं! कधीपासून, कोण जाणे. तिला मेल्याहून मेल्यासारखं झालं. चार दिवस ती वरच्या मजल्याकडे फिरकली नाही, आणि पाचव्या दिवशी चपलांच्या दुकानाचा जिना चढली.

सुईवाल्या बाई उंच, हाडकुळ्या आणि स्पष्टवक्त्या होत्या. एक अरुंद पलंग, वाकवता येणारा भिंगाचा दिवा आणि डब्याएवढं यंत्र, एवढाच त्यांचा पसारा. त्यांनी तिची हनुवटी दिव्याखाली धरली आणि बराच वेळ बघितली. इतक्या जवळून तिच्याकडे आजवर कुणी बघितलं नव्हतं. तिने डोळे घट्ट मिटून घेतले.

"डॉक्टरांना दाखवलंयस का?"

"हो. गोळ्या चालू आहेत. नवे कमी येतील म्हणाले, पण आहेत ते जायचे नाहीत."

"ते मी बघते. पण एक नीट ऐक. चिमटा आजपासून बंद. दोरा नाही, मेण नाही. केस उपटलास की मी सुई घालू कुठे? फार झालं तर कात्रीने काप, पण माझ्याकडे यायच्या आधी तीन-चार दिवस त्यालाही हात लावायचा नाही. मला धरायला टोक लागतं."

"म्हणजे तसेच दिसू द्यायचे?"

"दिसू द्यायचे."

"किती महिने?"

"महिने कसले? वर्ष धर, दीड धर. आज दिसतात तेवढेच केस नसतात, बाळ. काही झोपलेले असतात. ते उठतील तसे एकेकाला निरोप द्यायचा."

पहिल्या दिवशी मुंगी चावावी तसं झालं, मग बारीक चटका, आणि मग काहीच नाही. केस ओढावा लागत नव्हता. लोण्यातून निघावा तसा तो सुळकन बाहेर यायचा. ओठाजवळ आल्यावर मात्र तिच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी आलं. "रड, रड," बाई सुई न थांबवता म्हणाल्या. "इथे सगळ्याच रडतात. फक्त हनुवटी हलवू नकोस."

त्यानंतर दर आठवड्याला ती जिना चढू लागली. दोन दिवस हनुवटी लाल, मग बारीक खपल्या, आणि त्या खाजवायच्या नाहीत म्हणून हाताला चाळा हवा. केस वाढवायचे दिवस आले की दुकानात ती तोंडावर मास्क लावायची. काचेच्या धुळीची ऍलर्जी झालीय, असं तिने सांगून टाकलं होतं. मालकांनी तिला औषधी वाफेचं मशीन आणून दिलं, तेव्हा तिला ओशाळल्यासारखं झालं.

हिशेब असा होता की नवरा यायच्या आत बरंचसं काम उरकेल. पण मधेच फोन आला. जहाजात बिघाड होता, ते दुरुस्तीला गोदीत घेतलं होतं आणि अर्ध्या लोकांना घरी सोडत होते. "परवा पोचतो," तो म्हणाला. त्याच्या आवाजात विचारल्यासारखं काहीतरी होतं, येऊ ना, असं. तिने ते ऐकलं, पण तिचं मन हनुवटीकडे धावलं. बाईंकडे जायला अजून तीन दिवस होते. केस धरण्याजोगे वाढले होते.

तो यायच्या दिवशी ती चिमटा घेऊन आरशासमोर उभी राहिली. एक उपटला, दुसरा उपटला. मग जबड्याच्या डाव्या बाजूला तिचं लक्ष गेलं. तिथली कातडी मऊ झाली होती. मोठा पट्टाच्या पट्टा मोकळा, जसा लहानपणी होता तसा. इतक्या आठवड्यांचे चटके वाया घालवायला तिचा हात धजेना. तिने चिमटा खिडकीतून खाली टाकला.

तो संध्याकाळी आला तेव्हा ती मास्क लावून दार उघडायला गेली. "सर्दी," म्हणाली. तो प्रवासाने इतका आंबला होता की जेवून लगेच आडवा झाला.

सकाळी नेहमीसारखी ती उजाडायच्या आत उठली. चपला हातात घेऊन, अंधारात शेजारी न बघताच ती बाहेर आली, तर नवरा स्वयंपाकघरात टेबलाशी बसलेला. परमुलखातली वेळ त्याच्या अंगातून उतरली नव्हती. दिवा लागलेला होता आणि तिच्या तोंडावर मास्क नव्हता.

त्याने बघितलं. तिने हात हनुवटीवर नेला आणि मग खाली घेतला. लपवायला आता उरलंच काय होतं?

"हे काय?" तो म्हणाला. "लागलं कुठे? लाल झालंय."

"लागलं नाही. केस आहेत. मला दाढी येते." हा शब्द तिने जन्मात पहिल्यांदा मोठ्याने उच्चारला. "लग्नाच्या आधीपासून येते. रोज सकाळी उठून काढते. आता सुईने कायमचे काढून घेतेय, म्हणून वाढवलेत."

तो हसेल, त्याला किळस येईल, याची ती वाट बघत होती. दोन्हींची तयारी तिने कितीतरी वर्षं केली होती.

"म्हणून उठून जायचीस?" त्याने विचारलं.

"हो."

"रोज?"

"हो."

त्याने दोन्ही तळव्यांनी तोंड पुसलं. "मला वाटायचं, तुला मी शेजारी नको असतो. महिनोन्‌महिने एकटी राहायची सवय झालेली, मी आलो की जड होत असेन. जाग आली की जागा गार. हात लावायला गेलो की मान तिकडे. म्हटलं, असतात काही बायका अशा, बळजबरी कशाला."

"असं कसं वाटलं तुला?"

"दुसरं काय वाटणार?" तो टेबलाकडे बघत म्हणाला, "दोन वेळा मला लवकर उतरता आलं असतं. माझ्या जागी बदली माणूस आला होता. मीच म्हटलं, राहतो अजून."

तिला कुणी थोबाडीत मारल्यासारखं झालं. त्या दोन्ही वेळा ती खिडकीत बसून दिवस ढकलत होती. "विचारलं का नाहीस मला?" ती ओरडलीच.

"तू सांगितलं का नाहीस?"

तो उठला, शर्ट चढवला आणि पाव आणतो म्हणून बाहेर गेला. पावाचं दुकान कोपऱ्यावरच होतं, पण तो चांगलं उजाडून ऊन पायरीवर आल्यावर परतला. डोळे लाल होते. पाव आणायला विसरला होता.

"बाईंकडे कधी जायचंय?" त्याने विचारलं. "मी येतो."

बाईंच्या खोलीत पुरुष येत नसत. "बाहेर बाकावर बसा," त्या म्हणाल्या. पण तो यंत्राकडेच टक लावून उभा होता. "करंट किती सोडता?" त्याने विचारलं. बाईंनी सांगितलं. "आणि सुईला आवरण असतं का?" बाईंनी तेही सांगितलं. बाई खुशीत आल्या. इतक्या वर्षांत हे कुणी विचारलं नव्हतं. शेवटी त्यांनी त्याला स्टूल दिलं आणि भिंगातून एकदा बघूही दिलं. तिने डोळे मिटले नाहीत. भिंगापलीकडे त्याचा एक प्रचंड मोठा डोळा दिसत होता, पापणी न हलवता बघणारा.

"दुखतं?" त्याने विचारलं.

"ओठाजवळ."

उशाशी बाई बसत, त्यामुळे हात धरायला जागा नव्हती. तो पायथ्याशी गेला आणि त्याने तिच्या पायाचा अंगठा मुठीत धरला. ओठाजवळ सुई आली की तो मूठ आवळायचा. "अहो, मुलीला हसवू नका," बाई म्हणाल्या, "सुई चुकेल माझी."

त्यानंतर ती सकाळी उठून जाईनाशी झाली. जाग यायची ती यायचीच, पण ती तशीच पडून राहायची. जीव टांगणीला लागल्यासारखी, पांघरूण हनुवटीपर्यंत ओढून. मग त्याचा हात यायचा आणि केस असलेल्या-नसलेल्या जागेवर सरळ टेकायचा. "इथे टोचतं," तो झोपेत पुटपुटायचा. "इथे नाही टोचत." पडद्याच्या फटीतून उजेड येऊन भिंतीवर पडायचा, आणि दोघं तसेच पडून असायचे.

अशा सकाळी फार मिळाल्या नाहीत. गोदीतलं काम अपेक्षेपेक्षा लवकर उरकलं आणि बोलावणं आलं. या वेळी दारात त्याने तिचा चेहरा दोन्ही हातांत धरला. खाली टॅक्सी वाजून वाजून थकली, तरी त्याचा पाय निघेना. "बदली माणूस आला की त्याच दिवशी उतरतो," तो म्हणाला.

मग तेच जुने महिने आले, पण आता ते वेगळेच लांबले. पूर्वी तो नसला की तिला निदान सकाळी मोकळं वाटायचं. आता सकाळच सगळ्यांत वाईट होती. लग्नापासूनच्या सगळ्या सकाळी आपण कडी लावलेल्या बाथरूममध्ये घालवल्या, हा विचार तिला यंत्रावर काच धरली की गाठायचा. आणि तो तिकडे बदली माणसाला परत पाठवत होता! ते दिवस कुठून आणायचे?

हनुवटी मात्र बाईंच्या शब्दाला जागली. आठवड्याची खेप पंधरवड्यावर गेली, मग महिन्यावर. जे केस यायचे ते बारीक, लव असावी तसे. जुने डाग फिके झाले. बाई भिंग इकडून तिकडे फिरवायच्या आणि म्हणायच्या, "आज शोधावं लागतंय गं."

एके दिवशी तिने स्वतःहून मालकांना सांगितलं, पुढे बसते. पहिलंच गिऱ्हाईक एक म्हातारी आली. काडी सैल होऊन तिचा चष्मा नाकावर घसरत होता. तो उतरवल्यावर तिला समोरचं काहीच दिसेना. "जरा जवळ ये गं, कोण आहेस ते बघू दे," म्हातारी म्हणाली. भिंगबाई वाकली, डोक्यावरच्या दिव्याखाली, अगदी नाकाला नाक लागेल इतकी. म्हातारीने तिला निरखलं आणि म्हणाली, "दमलेली दिसतेस." बस्स, एवढंच. केसांबद्दल कुणाला काही म्हणायचंच नव्हतं, आणि तिला तिथल्या तिथे हुंदका आला.

शेवटी बाईंनी सांगितलं, "आता तीन महिन्यांनी ये. नाही आलीस तरी चालेल." ती घरी आली, आरशात बघितलं आणि त्याला कळवायला फोन उचलला, तर त्याचाच निरोप येऊन पडला होता. जहाज दुसऱ्या बंदराकडे वळवलं होतं. बदली माणूस तिथे पोचू शकत नव्हता. अजून महिना, कदाचित दोन. खाली त्याने लिहिलं होतं, "या वेळी मी नाही म्हटलेलं नाही. खरंच."

तिला ते खरं वाटलं. पण रात्रभर उशी ओली व्हायची ती झालीच.

सकाळी फोन वाजला तेव्हा उजाडून बराच वेळ झाला होता आणि ती अजून अंथरुणातच होती. पडद्यावर त्याचा चेहरा आला, मागे निळा रंग दिलेली लोखंडी भिंत. तिने फोन उशीवर त्याच्या जागी उभा टेकवला आणि कुशीवर वळली.

"उजेडात ये," तो म्हणाला. तिने खिडकीचा पडदा बाजूला सारला. ऊन गालावर, हनुवटीवर पडलं. तो बघत राहिला, भिंगातून बघितलं होतं तसं, पापणी न हलवता.

"काही बोल ना," ती म्हणाली.

"थांब. बघू दे."

मग त्याचे ओठ हलले, आणि तिथेच चित्र थांबलं. आवाज तुटला. तिने हॅलो हॅलो केलं, पण पडद्यावर त्याचं अर्धवट उघडलेलं तोंड तसंच राहिलं. काय म्हणत होता, कळलं नाही.

तिने फोन बंद केला नाही. दुकानाची वेळ टळून गेली तेव्हा नणंदेच्या फोनवरून तिने मालकांना कळवलं की आज उशीर होईल.

"बरं नाही का, भिंगबाई?"

"बरी आहे," ती म्हणाली. "उठवत नाहीये."

खाली येऊन ती पुन्हा अंथरुणात शिरली. उशीवरच्या फोनचा पडदा तेवढ्यात काळा झाला होता. भिंतीवरचं ऊन हळूहळू खाली उतरत होतं. तिने हात लांब करून शेजारची जागा चाचपली. ती गार होती.